अक्कांचे भाडेकरू

अक्का कुणाच्याही डोळ्यांत बघून बोलत नसत. त्या बघायच्या वरच्या ओठाकडे. नाक आणि ओठ यांच्या मधल्या त्या बोटभर जागेकडे अशा रोखून बघायच्या की समोरच्याचा हात आपोआप तोंड पुसायला जायचा. इंदिरानगरातल्या त्यांच्या वरच्या मजल्यावरची खोली बघायला मी गेलो तेव्हा कोपऱ्यावर मसाला डोसा खाऊन गेलो होतो. बोलणी सुरू झाली आणि अक्कांची नजर माझ्या मिशीवर येऊन बसली ती हलेना. मी रुमालाने मिशी पुसली, नजर तिथेच. चटणी राहिली असणार म्हणून मोरीत जाऊन तोंड धुऊन आलो, नजर तिथेच. खोली मिळाली, पण मिशीत काहीतरी गंभीर दोष आहे हे मनात पक्कं बसलं, आणि राहायला जाण्याच्या आदल्या दिवशी मी ती सरळ उतरवून टाकली. सामान घेऊन दारात उभा राहिलो तर अक्का म्हणाल्या, "कोण पाहिजे?"

मी नाव सांगितलं. नावाचा काही उपयोग झाला नाही. मग त्या जवळ आल्या, चष्मा कपाळावर सरकवला आणि माझ्या ओठावरचा तीळ त्यांना सापडला. "अय्यो, तूच की. मिशी काढलीस ते बरं केलंस. आता ओळखता येशील."

त्यांचा तो धंदाच होता. सिंहाच्या मिशा जिथून उगवतात तिथे काळ्या ठिपक्यांच्या ओळी असतात, आणि सगळ्यात वरच्या ओळीतले ठिपके दोन सिंहांचे कधी सारखे नसतात. अक्का आफ्रिकेतल्या एका अभयारण्यात सिंहांच्या मागावर असायच्या. वर्षातला अर्धा काळ तिकडे, अर्धा काळ बेंगळुरात. तिकडे ठिपके बघायची सवय लागलेली, ती इकडे आल्यावर सुटत नसे. मी एकदा विचारलं की एवढी मोठी आयाळ असताना ठिपके कशाला बघायचे. त्या म्हणाल्या, "आयाळ वाढते, गळते, भांडणात उपटून निघते. ठिपके मरेपर्यंत तेच. माणसाचंही बघ, लोक आयाळीलाच नमस्कार करतात."

अक्कांचं घराणं तीन पिढ्या बेंगळुरात. त्यांचं मराठी घरात टिकलेलं आणि बाजारात वाढलेलं होतं, त्यामुळे 'थोडं' हा शब्द त्यांच्याकडे नव्हताच, 'स्वल्प' होता, आणि 'बरं' च्या जागी 'सरी'. लग्न केलं नव्हतं. पन्नाशी केव्हाच ओलांडली होती, उजवा गुडघा गाडीच्या धक्क्यांनी कामातून गेला होता, आणि त्या गुडघ्याबद्दल कुणी काळजी दाखवली की त्यांना राग यायचा. आसपासचे मराठी लोक त्यांना सिंहवाली अक्का म्हणत. समोर अक्का, मागे सिंहवाली.

संध्याकाळी पायरीवर कॉफीचा पेला घेऊन बसायचं आणि मला सिंह शिकवायचे, हा आमच्या भाडेकराराचा न लिहिलेला भाग होता. पहिला धडा मला तोंडपाठ आहे. "कळप बायकांचा असतो. आज्या, आया, मावश्या, मुली. जागा त्यांची, शिकार त्यांची, पोरं त्यांची. नर बाहेरून येतात, दोघे-तिघे मिळून, आधीच्याला हाकलून. दोन-तीन वर्षं गुरगुरतात. मग दुसरे येतात आणि ह्यांना हाकलतात. राजा कसला रे, भाडेकरू आहेत ते." एवढं बोलून त्यांनी माझ्या ओठाकडे बघितलं. "तुझा करार अकरा महिन्यांचा. त्यांचा स्वल्प जास्त असतो, एवढंच."

धड्याचा दुसरा भाग त्या आवाज न बदलता सांगायच्या. नवे नर आले की ते आधीच्या नराची पिल्लं मारतात. पिल्लं अंगावर पीत असतील तोवर आई नव्या नराला जवळ करत नाही, आणि नव्याकडे वेळ कमी असतो. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कॉफी खाली ठेवली. अक्कांनी त्यांची संपवली.

शिकलेलं लगेच वापरून दाखवायची मला फार हौस. मी सरकारी कारखान्यात रेडिओ यंत्रं बनवण्याच्या विभागात इंजिनियर होतो. त्याच सुमारास तिथे नवे जनरल मॅनेजर आले आणि त्यांनी जुन्या साहेबांनी सुरू केलेली सगळी कामं एकेक करून बंद करायला घेतली. सगळे हळहळत होते. मी कँटीनमध्ये टेबलावर चढल्यासारखा होऊन सिंहांचं शास्त्र समजावून सांगितलं: नवा नर, जुनी पिल्लं, वगैरे. लोक हसायचे थांबले तेव्हा मला वाटलं मुद्दा पोचला. मुद्दा पोचलाच होता. जनरल मॅनेजर माझ्या पाठीमागे इडलीची बशी घेऊन उभे होते. पुढचा पावसाळा मी तळघरातल्या भांडारात स्क्रू निवडत काढला. अक्कांना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "नराच्या वाऱ्याला उभं राहून बोलायचं नाही, हे सांगायचं राहिलं का माझ्याकडून?"

भांडारातून वर आल्यावर माझा खरा उपयोग अक्कांना कळला. त्या सिंहिणींच्या गळ्यात एक पट्टा बांधत, त्यात बारीक प्रक्षेपक असे, आणि हातातला अँटेना फिरवत त्याची टिकटिक ऐकून माग काढत. तो रिसीव्हर बिघडला होता. मी दुरुस्त केला आणि वर, इंजिनियर असल्यामुळे, माग काढणं किती सोपं आहे हेही सांगून बसलो. अक्का म्हणाल्या, "सरी. मी पट्टा लपवते. तू शोध."

रविवारची सकाळ होती. मी फाटकाबाहेर येऊन माशाच्या काट्यासारखा दिसणारा तो अँटेना उंच धरला, कानात टिकटिक आली, आणि मी निघालो. ज्या दिशेला आवाज मोठा त्या दिशेला पावलं. एका घराच्या बागेतल्या शेवग्याखाली पोचलो तेव्हा आतून एक बाई आल्या. टीव्हीचं चित्र हलतंय म्हणून त्यांनी तक्रार केली होती म्हणे, इतक्या दिवसांनी का होईना आलात. नाही म्हणायला तोंड उघडेपर्यंत मला गच्चीवर नेलं होतं. त्यांचा अँटेना सरळ केला. मग शेजारणीचा केला. मग समोरच्या घरातून हाक आली. ऊन डोक्यावर आल्यावर, दोन केळी आणि एक नारळ बक्षीस घेऊन मी घरी परतलो तर अक्का पायरीवर बसलेल्या, आणि पट्टा त्यांच्या स्वतःच्या गळ्यात. सकाळपासून तिथेच होत्या. अँटेना पाठीमागचं पण ऐकतो, समोरच्यासारखंच पण जरा हळू, हे मी पाठ्यपुस्तकात शिकलो होतो, परीक्षेत लिहिलंही होतं. मी घराकडे पाठ करून सकाळभर घरापासून लांब चालत गेलो होतो. "आवाज समोरून येतोय असं अगदी वाटायला लागलं," अक्का म्हणाल्या, "की एकदा पाठ फिरवून ऐकायचं. सिंहाच्या बाबतीत तर ऐकायचंच." आणि नारळ फोडायला आत गेल्या.

तरीही त्यांनी पुढचं काम मलाच दिलं, आणि ते काम म्हणजे भोंगा.

परक्या नरांची डरकाळी ऐकली की सिंहिणी काय करतात हे अक्कांना बघायचं होतं. ध्वनिफीत त्यांच्याकडे होती: एक नर, दोन नर, पाच नर, सगळे अनोळखी. पण ती खऱ्या डरकाळीएवढी मोठी वाजवणारं काही नव्हतं. मी आमच्या लग्नसमारंभांना लागतो तसला एक पत्र्याचा भोंगा मिळवला, त्याच्यामागे स्वतः जोडलेला ॲम्प्लिफायर लावला, गाडीच्या बॅटरीवर चालेल असा केला. इंदिरानगरात वाजवून बघणं शक्य नव्हतं. म्हणून आम्ही एका सकाळी तो रिक्षात घालून बेळ्ळंदूरच्या तळ्यावर गेलो. आज तिथे काचेच्या इमारती आणि न हलणाऱ्या गाड्या आहेत. तेव्हा तळं होतं, काठाने भाजीचे मळे होते, बांधावर म्हशी होत्या आणि बाकी कुणी नव्हतं, असं मला वाटलं.

आवाज हळू सुरू करून वाढवत नेऊ, असं ठरलं होतं. माझ्या हातून बटण उलटं फिरलं. तळ्याच्या काठावर एकदम पाच सिंह उभे राहिले. पहिली माझीच पाचावर धारण बसली, मी दचकून मागे सरलो तर बटणाची टोपी हातात उपटून आली आणि आता आवाज कमी करायला काही राहिलंच नाही. म्हशी पाण्यात गेल्या. मळ्यातले तिघे-चौघे पुरुष आधी बांधावर, मग पाण्याच्या टाकीवर चढले. मी तारा ओढत होतो. तेवढ्यात मला दिसलं की मळ्याच्या दुसऱ्या टोकाकडून तीन बायका आमच्याच दिशेने येताहेत. पळत नव्हत्या. एकीच्या हातात काठी, एकीच्या हातात खुरपं, तिसरीने नुसता पदर खोचलेला. खांद्याला खांदा लावून, थांबून ऐकत, पुन्हा चालत. मधली वयाने मोठी होती आणि बाकीच्या दोघी तिच्याकडे बघून पाऊल टाकत होत्या.

मी तार तोडली. शांतता झाली. म्हातारी आमच्यासमोर येऊन थांबली, भोंग्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि कन्नडमध्ये मला जे काही ऐकवलं त्यातला माझ्या आईचा उल्लेख तेवढा मला समजला, आणि तेवढ्यात सगळं समजलं. अक्का तिच्यापुढे हात जोडून माफी मागत होत्या, पण चेहऱ्यावर दिवाळी. परतताना रिक्षात त्या सारख्या मांडीवर थाप मारत होत्या. "बघितलंस ना? हेच. तिकडे अगदी हेच करतात. पळत नाहीत, किती आहेत ते ऐकतात, एकमेकींकडे बघतात, आणि मग चालत येतात. भाडेकरू कुठे होते रे?" मी म्हणालो, टाकीवर. "आणि तू?" मी भोंग्याच्या तारा गुंडाळायला लागलो.

भोंगा त्या वर्षी आफ्रिकेत जाऊन आला आणि नीट वाजला. त्यातूनच एक गोष्ट उघड झाली जी पुढे सगळ्यांनाच जड गेली: पाच नरांचा आवाज वाजवला की दोन खरे नर निघून जातात.

आता साहेबांबद्दल सांगायला हवं. बोम्मसंद्र्याला त्यांचा कारखाना होता, मोठा होता, आणि आमच्या मराठी मंडळाचं अध्यक्षपदही त्यांच्याकडे होतं. माणूस वाईट नव्हता. अक्कांना तिकडे जी गाडी लागायची, ती साहेबांच्या वडिलांच्या नावाच्या ट्रस्टने दिलेली होती. गाडीशिवाय सिंहांचा माग म्हणजे विहिरीशिवाय पोहणं. साहेबांनी बदल्यात एकच मागितलं होतं: कळपातल्या नराला वडिलांचं नाव, आबासाहेब. अक्का सिंहांना नावं देत नसत, आकडे देत. पण गाडी हवी होती, म्हणून सरी म्हणाल्या. गणेशोत्सवात पडद्यावर आबासाहेबांची पारदर्शिका, म्हणजे स्लाइड, आली, काळी आयाळ, वाऱ्याकडे तोंड, तेव्हा मंडळाच्या सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला आणि साहेबांनी रुमाल डोळ्यांना लावला.

पुढच्या हिवाळ्यात अक्का बेंगळुरात असताना तिकडच्या तळावरून फोन आला. नदीपलीकडून दोन तरुण नर आले होते. आबासाहेब आता एकटाच होता, त्याचा जोडीदार आदल्या वर्षी गेला होता. तो रोज मागे सरकत होता. कळपात तीन सिंहिणी, तिघींची पिल्लं लहान.

साहेबांना हे कसं कळलं हे शोधायला लांब जायला नको. मी सांगितलं. मंडळाच्या जेवणात, मठ्ठ्याचा पेला हातात घेऊन, सविस्तर.

दुसऱ्या दिवशी साहेब धारवाड पेढ्यांचा डबा घेऊन अक्कांच्या दारात हजर. बसले, गुडघ्याची चौकशी केली, ती त्यांची पहिली चूक. मग मुद्द्यावर आले. त्यांनी सगळी माहिती काढली होती. भोंगा आहे, पाच नरांचा आवाज आहे. या खेपेला जाल तेव्हा रोज वाजवा. ते दोघे नदीपलीकडे जातील, आबासाहेब राहील, पिल्लं जगतील. यात कुणाचं काय वाईट आहे?

मी तिथेच होतो आणि मला ती कल्पना इतकी आवडली की मी कागद घेऊन बॅटरी किती वेळ पुरेल ते मांडायला लागलो. दोन भोंगे लावले तर आणखी सोपं, असंही म्हणालो. अक्कांनी माझ्या हातातून पेन काढून घेतलं आणि डब्यावर ठेवलं.

मग त्या साहेबांकडे वळल्या. भोंगा एका प्रश्नासाठी केला होता, उत्तर ठरवण्यासाठी नाही, असं काहीतरी त्या शांतपणे सांगत होत्या. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले की अक्का, माझे वडील आयुष्यात कुणापुढे हरले नाहीत. हरणाऱ्या जनावराला त्यांचं नाव मी कसं राहू देऊ? आणि ट्रस्टच्या बाकीच्या लोकांना गाडीचं काय सांगू?

"नाव परत न्या," अक्का म्हणाल्या. "त्या नावाने त्याला तिथे कुणी हाक मारत नव्हतं."

साहेब उठले. दारात चप्पल घालताना थांबले, आणि पहिल्यांदाच अध्यक्षांसारखे नाही तर माणसासारखे बोलले. "पिल्लं मरतील, अक्का. तुमच्या डोळ्यांसमोर. आणि तुमच्या हातात उपाय असेल."

अक्कांनी डब्यावरचं पेन उचलून मला परत दिलं. मग म्हणाल्या, "हो. मरतील."

ट्रस्टची गाडी गेली. आठवडाभरात साऱ्या मराठी बेंगळुरात पसरलं की सिंहवाल्या अक्कांना पिल्लं वाचवता येतात आणि त्या वाचवणार नाहीत. संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. आमच्या गल्लीतल्या कुलकर्णीकाकूंच्या घरी अक्का दरवर्षी जायच्या, त्या वर्षीही गेल्या. लोकांनी पाठ फिरवली असेल तिथे आधी जायचं, हा त्यांचा स्वभाव. तिथलं मला नंतर अनेकींकडून कळलं. वाण देता देता कुलकर्णीकाकू सगळ्यांना ऐकू जाईल अशा म्हणाल्या की ज्यांना स्वतःची मुलं नाहीत त्यांना पिल्लांचं काय कळणार. खोलीत चमचा वाजायचा थांबला. अक्कांनी तिळगूळ तोंडात टाकला, चावून संपवला आणि म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं. पण त्या तिघींना आहेत ना मुलं. त्या काय करतात ते बघू की आधी. का त्यांच्या वतीने पण आपणच ठरवायचं?" मग वाण पदरात घेतलं, कुलकर्णीकाकूंच्या सासूबाईंना वाकून नमस्कार केला, गुडघा दुखत असतानाही, आणि सावकाश चालत घरी आल्या.

जायचं तर ठरलंच होतं. गाडी नाही, म्हणून तिथल्या वनरक्षकांच्या ट्रकमधून फिरायचं, तो जिथे जाईल तिथे. डॉक्टरांनी गुडघ्याला पट्टा आणि सक्त विश्रांती लिहून दिली. त्यांनी पट्टा घेतला. त्यांचा भाऊ मल्लेश्वरमहून येऊन ओरडून गेला. माझी बहीण वेडी आहे, हे त्याने मला जिन्यात दोनदा सांगितलं, जसं काही मी तक्रार नोंदवून घेणार होतो.

निघायच्या दिवशी मी सामान खाली आणलं. दोन ट्रंका, अँटेना, आणि भोंगा. भोंगा मी खास गोणपाटात बांधला होता, बटण नवीन लावलं होतं, उलटं फिरणार नाही असं. रिक्षा उभी होती. अक्कांनी सामान बघितलं आणि म्हणाल्या की भोंगा वर नेऊन ठेव.

मला वाटलं वजनाचं बघत असतील. मी म्हणालो, जड नाहीये, विमानात घेतील, आणि कामाला लागेल. तुमचे प्रयोग अर्धे राहिलेत.

"राहू देत."

"पण अक्का, नेला म्हणून वाजवायलाच पाहिजे असं कुठे आहे?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या दिवशी ओठाकडे नाही, डोळ्यांत. मला त्याची सवय नव्हती, मी खाली बघायला लागलो. "अरे, तिथे असला तर मी वाजवीन," त्या म्हणाल्या. "पहिलं पिल्लू धरलं की वाजवीन. मला काय तू दगड समजतोस?"

मी भोंगा उचलून वर नेला. खाली आलो तेव्हा त्या रिक्षावाल्याशी विमानतळापर्यंतच्या भाड्यावरून भांडत होत्या आणि जिंकत होत्या.

त्यानंतरचा फोन फेब्रुवारीच्या अखेरीस आला. आवाज लांबून, मध्ये मध्ये तुटणारा. आबासाहेब दोन दिवस लढला आणि मग लंगडत दक्षिणेकडे निघून गेला. थोरल्या दोघी सिंहिणींनी पिल्लांना घेऊन कळपाची जागाच सोडली, नदीकाठच्या झुडपांत शिरल्या, आणि ट्रक तिकडे जात नसल्यामुळे त्यांचं काय झालं ते अजून कळलेलं नाही. धाकटी राहिली. तिची पिल्लं इतकी लहान होती की चालत नेता आली नसती. ती एकटी दोघांच्या आडवी उभी राहिली. एकाचा कान फाडला. तिचा जबडा रक्ताने भरला होता, तरी तिने पुन्हा पुन्हा धाव घेतली. पिल्लं गेली. सगळी.

मी विचारलं, तुम्ही काय केलंत?

"ट्रकमध्ये बसून बघितलं. रडत रडत लिहिलं. अक्षर घाण आलंय." मग फोन खरखरला, आणि मी विचारायचं नाही असं ठरवलेलं विचारून बसलो: भोंगा असता तर?

"तर ते महिनाभर गेले असते. मग मी थकले असते, बॅटरी थकली असती, ते पुन्हा आले असते. आणि ती एकटी उभी राहिली हे कुणाला कधी कळलंच नसतं. सगळ्यांनी म्हटलं असतं, अक्कांनी वाचवलं." मग म्हणाल्या, "कुणाला हे पटणार नाही. मला पण रोज पटत नाही."

अक्का पावसाळ्यात परतल्या त्या काठी घेऊन. मंडळाकडे त्यांनी सभागृह मागितलं. कार्यकारिणीने कळवलं की या वर्षी तारखा मोकळ्या नाहीत. अक्कांनी कुलकर्णीकाकूंकडूनच एक पांढरी दुहेरी चादर मागून आणली. आमच्या फाटकासमोरच्या भिंतीवर खिळे ठोकून ती ताणली, आणि गल्लीत तोंडी निरोप फिरवला: शनिवारी, अंधार पडायच्या सुमारास, आपापली खुर्ची आणायची. खिळे मी ठोकले. दोन वाकडे गेले, त्यामुळे त्या संध्याकाळी आफ्रिकेची जमीन एका बाजूला उतरती होती.

मला वाटलं होतं पाच-सहा माणसं येतील. फाटकाबाहेरपर्यंत खुर्च्या लागल्या. काही जण अक्कांचं ऐकायला आले होते, काही जण त्यांना तोंडावर विचारायला. अक्कांनी सुरुवातीलाच सांगितलं की या वर्षी बघवणार नाही असं पण आहे, ज्यांना जायचं त्यांनी आत्ता जावं. कुणी उठलं नाही. मग त्यांनी काहीही गाळलं नाही. दोन नवे नर नदी ओलांडताना. आबासाहेब, अर्धी आयाळ उपटलेला, मागच्या पायाने लंगडणारा, पाठमोरा. त्या पारदर्शिकेपाशी त्या जरा जास्त थांबल्या आणि म्हणाल्या, "हा आबासाहेब. दोन दिवस तिथेच उभा राहून लढला, हे मी बघितलंय." तेव्हा मागे गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. साहेब फाटकाबाहेर, आपल्या गाडीला टेकून उभे होते. केव्हा आले होते कुणाला माहीत. संपेपर्यंत तसेच उभे राहिले, आणि कुणाशी न बोलता गेले. गाडी त्यांनी परत कधी दिली नाही.

धाकटीच्या पारदर्शिका शेवटी होत्या. पहिलीत ती आडवी उभी. दुसरीत जबडा. तिसरीत ती एकटी बसलेली, समोर जमिनीवर काय होतं ते न सांगता कळत होतं. उतरत्या चादरीवर ती जणू सगळ्यांच्या अंगावर घसरून येत होती. नंतर प्रोजेक्टरचा पंखा तेवढा फिरत राहिला. प्रश्न विचारायला आलेल्या कुणालाच प्रश्न आठवेना.

कुलकर्णीकाकू पहिल्या रांगेत होत्या. चादर त्यांचीच होती, त्यामुळे असेल. त्यांनीच शेवटी विचारलं, आणि आवाजात आव्हान नव्हतं. "तिचं पुढे काय झालं हो, अक्का?"

अक्का काठीवर भार देऊन उभ्या राहिल्या. "आहे ती. जागा सोडली नाही तिने. आता त्याच दोघांपासून तिला पुन्हा पिल्लं होतील. आणि थोरल्या दोघी कुठे गेल्या ते मला अजून सापडायचंय."

"म्हणजे तुम्ही परत जाणार? ह्या पायाने?"

"सिंहिणीला मी किती पायांनी येते याच्याशी काय करायचंय?" अक्का म्हणाल्या. लोक हसले, त्या हसल्या नाहीत. "जाणार. कुणाची गाडी असो-नसो."

दिवाळी झाल्यावर गेल्या. मग एक वर्ष आल्या नाहीत, मग दुसरं. गुडघा अगदीच गेल्यावर तिकडच्याच तळावर एका खोलीत राहायला लागल्या, ट्रक यायचा तेव्हा ट्रकमध्ये बसायच्या, नसायचा तेव्हा ओसरीवर अँटेना धरून बसायच्या, असं ऐकायला यायचं. खालचा मजला बंद राहिला. मी वर राहत होतो, करार दर अकरा महिन्यांनी आपोआप पुढे जात होता. शेवटचा फोन त्यांचा आला तो थोरल्या दोघींपैकी एक सापडली म्हणून. तिच्यामागे तिने तेव्हा नेलेली तीन पिल्लं चालत होती, कुठल्या कुठे वाढलेली, ठिपके जुळवून बघितले तेव्हा खात्री झाली. अक्का इतक्या भराभरा बोलत होत्या की मधले शब्द गळत होते. मी म्हणालो, आता तरी या, सगळ्यांना सांगायला या, कुलकर्णीकाकू रोज विचारतात.

"मी येत नाही रे आता," त्या म्हणाल्या. "तूच सांग सगळ्यांना. आणि नीट सांग. मी वाचवली असं सांगशील तर खोली खाली करून घेईन."